गाडीत बसून बाहेरचं तापमान कसं ओळखावं

भर दुपारी उन्हात उभी असलेली गाडी तुम्ही सुरू करता. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान दिसतं ४६ अंश. मोकळ्या रस्त्याला लागून दहा मिनिटं झाली की तोच आकडा ३८ वर येतो. दहा मिनिटांत हवा आठ अंशांनी गार झाली का? नाही. मग पहिला आकडा खोटा होता का? तसंही नाही. सेन्सरने त्याला बसवलेल्या जागेचं तापमान इमानदारीने सांगितलं. ती जागा होती इंजिनाच्या पुढ्यात, तापलेल्या डांबरापासून गुडघाभर उंचीवर.

गाडीत बसून पारा वाचताना म्हणून आधी एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा नेमका कशाचा? हवेचा, बंपरचा, काचेचा की एसीच्या पाइपाचा? त्याचं उत्तर मिळालं की आकडा दुरुस्त करणं फारसं अवघड नसतं. दुसरं असं की गाडी पारा जवळजवळ नेहमी चढवूनच सांगते. इंजिन, ऊन, डांबर, पुढच्या गाडीचा धूर, ब्लोअरची मोटर, सगळे मिळून वरच ढकलत असतात. खाली ओढणाऱ्या गोष्टी मोजक्याच, आणि त्या पुढे जिथल्या तिथे येतील. तेव्हा दोन आकड्यांचं जमत नसेल तर सहसा कमी आकड्यावर विश्वास ठेवा.

अपेक्षाही माफक हवी. हाताशी कुठलंच साधन नसेल तर पाचेक अंश इकडे किंवा तिकडे चुकाल. साधा डिजिटल थर्मामीटर असेल तर दोन अंशांपर्यंत पोचता येतं. त्याहून बारीक मोजणं गाडीत बसून होत नाही.

ज्याला आपण ‘बाहेरचं तापमान’ म्हणतो ते तरी काय? हवामानशास्त्रात ते सावलीतल्या, खेळत्या हवेचं तापमान असतं, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरचं. त्यासाठी पट्ट्यापट्ट्यांच्या झडपा असलेली पांढरी पेटी वापरतात, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. उन्हात धरलेल्या थर्मामीटरचा आकडा हे हवेचं तापमान नव्हे, ते तापलेल्या थर्मामीटरचं तापमान. हा फरक पक्का डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

१. सेन्सर कुठे आहे ते शोधा

बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या मागे किंवा जाळीच्या आत, रेडिएटरच्या पुढे लटकलेला असतो. मटारच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा आणि दोन वायरी, एवढाच त्याचा संसार. काही गाड्यांत तो बाजूच्या आरशाच्या पोटाला असतो. आरशाखाली बारीकसा काळा उंचवटा किंवा भोक दिसलं तर तोच. आरशातल्या सेन्सरला इंजिनाची धग कमी लागते आणि तो डांबरापासूनही दूर असतो, त्यामुळे मला तो जास्त भरवशाचा वाटतो. मात्र गाडी उभी असताना आरशावर ऊन पडत असेल तर तोही फसतो.

आत असतो थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो. तापल्यावर रोध घटणारे पदार्थ असतात ही गोष्ट मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर काम करताना नोंदवली होती. गाडीतला संगणक हा रोध मोजतो आणि त्याचे अंश करतो. यातून एक गमतीची पण कामाची खूण मिळते. वायर तुटली किंवा सेन्सर निखळला तर रोध अनंत होतो, संगणकाला वाटतं बाहेर भयंकर थंडी आहे, आणि पडद्यावर येतं उणे ४०. काही गाड्या आकड्याऐवजी नुसत्या रेघा दाखवतात. उणे ४० हा आकडा सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्हींत एकच आहे, त्यामुळे सेटिंग कुठलंही असलं तरी ही खूण ओळखू येते. गाडी दुसऱ्याची असेल तर आधी अंश कुठले ते बघून घ्या. फॅरनहाइटमधले ८६ म्हणजे आपले ३०.

२. डॅशबोर्डचा आकडा कधी मानायचा

सेन्सर इंजिनाच्या पुढे असल्याने तो फसतो, हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत संगणक तो आकडा जसाच्या तसा दाखवत नाही. गाडी उभी असेल किंवा रेंगाळत असेल तर आकडा वर जाऊ देत नाही, आधीचाच धरून ठेवतो. ठरावीक वेगाने काही वेळ चाललं की मगच हळूहळू वर सरकवतो. खाली मात्र लगेच येऊ देतो, कारण खाली येणारा आकडा सहसा खरा असतो. गाडीच्या संगणकालाही आपलाच नियम ठाऊक आहे म्हणायचा.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. सिग्नलला दहा मिनिटं अडकलात आणि आकडा स्थिर आहे, तर तो कदाचित दहा मिनिटांपूर्वीचा असेल. घाट उतरून उकाड्यात आलात आणि लगेच कोंडीत सापडलात, तर पडद्यावर अजून घाटावरचाच गारवा दाखवणारी संख्या असू शकते. कमी आकडा चुकीचा असण्याच्या ज्या थोड्या वेळा असतात, त्यांतली ही एक. दुसरीकडे, तासभर चालवून गाडी पाच मिनिटं थांबवली आणि पुन्हा सुरू केली, तर इंजिनाची सगळी धग पुढे सरकून सेन्सरपर्यंत आलेली असते. गाडी चालू असताना ती धग वारा मागे लोटतो. थांबली की लोटणारं कुणी उरत नाही.

म्हणून आकडा मानायचा तो असा: गाडी निदान दहा मिनिटं सलग चाललेली हवी, वेग चाळीसच्या वर हवा, पुढे अगदी चिकटून ट्रक किंवा बस नको, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं आकडा हललेला नको. हे सगळं जुळलं की भर उन्हातही बहुधा एक-दोन अंशांच्याच फरकाने खरं तापमान मिळतं, तेही थोडं चढंच. रात्री, ढगाळ दिवसात आणि पावसाळी हवेत फरक आणखी कमी होतो.

पावसात सेन्सर भिजला आणि त्यावर वारा लागला की तो किंचित खाली दाखवू शकतो. माठातलं पाणी गार होतं तीच गंमत. पण भर पावसात हवाच दमट असल्याने हा फरक नगण्य राहतो; पाऊस थांबून कोरडा वारा सुटला तर मात्र थोडा वेळ जाऊ द्या.

३. सकाळची पहिली चावी

चोवीस तासांत एक क्षण असा येतो की गाडी चढवून सांगत नाही. रात्रभर सावलीत किंवा छपराखाली उभी राहिलेली गाडी पहाटे, उन्हं यायच्या आत, पहिल्यांदा चालू करता तो. सात-आठ तासांत इंजिन, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), टायर, सीट असं सगळं हवेच्या तापमानाला आलेलं असतं. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा आणि आकडा वाचा.

इथे ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती बाहेर वाचू देणाऱ्या सोयीचा, उपयोग होतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा अडॅप्टर आणि फोनवर एखादं अ‍ॅप असेल तर तीन वेगवेगळी तापमानं दिसतात: कूलंटचं, इंजिनात जाणाऱ्या हवेचं, आणि गाडीने सोय दिली असेल तर बाहेरच्या हवेचं. रात्रभर थंड झालेल्या गाडीत ही तिन्ही एकमेकांशी जुळायला हवीत, दोन-तीन अंशांच्या आत. जुळली तर तिन्ही सेन्सर शाबूत आहेत आणि तेच बाहेरचं तापमान. एखादा फटकून वागत असेल तर तो बिघडलेला. मेकॅनिकही हाच ताळा लावतात. (ही तापमानं गाडी ० ते २५५ अशा आकड्यात पाठवते आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. म्हणजे उणे ४० च्या खाली तिला बोलताच येत नाही.)

इंजिन तापल्यावर कूलंटचा आकडा आपल्या कामाचा उरत नाही. आत जाणाऱ्या हवेचा आकडा मात्र मोकळ्या रस्त्यावर चांगल्या वेगात बाहेरच्या तापमानाच्या बऱ्यापैकी जवळ येतो, काही अंश वर. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) असलेल्या गाडीत हा सेन्सर कुठल्या बाजूला आहे त्यावर सगळं अवलंबून असतं, तिथे या आकड्याच्या नादी लागू नका.

४. व्हेंटमधून येणारी हवा मोजा

गाडीत सेन्सरच नसेल, किंवा असून त्याच्यावर विश्वास नसेल, तर माझी पहिली पसंती या पद्धतीला. कारण साधं आहे: गाडी बाहेरची हवा स्वतःहून आत आणून देते. ती हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली असलेल्या जाळीतून येते. आपण फक्त तिला वाटेत तापू द्यायचं नाही आणि गारही होऊ द्यायचं नाही.

लागणारं साधन म्हणजे एक डिजिटल थर्मामीटर, शक्यतो वायरीच्या टोकाला छोटा सेन्सर असलेला. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, तो साधारण ३२ ते ४२ अंशांच्या बाहेर काही बोलत नाही. नवीन थर्मामीटरचा ताळा घरीच घ्या: पेल्यात बर्फाचा चुरा, वर बुडेल इतकंच पाणी, ढवळून पाच मिनिटं थांबा, मग टोक मधोमध धरा. शून्य दाखवलं पाहिजे. एक अंश चुकत असेल तर फेकू नका, तो फरक कागदावर लिहून मागे चिकटवा.

आता कृती. मोजणारा माणूस चालवणारा नसावा, हे वेगळं सांगायला नको.

१) एसीचं बटण बंद करा. ऑटोमॅटिक एसी असेल तर ‘ऑटो’ काढा आणि एसीचा दिवा विझल्याची खात्री करा. पुढच्या काचेवर हवा सोडणारं बटणही बंद ठेवा. बऱ्याच गाड्यांत ते दाबलं की एसी गुपचूप सुरू होतो.

२) गाडीतल्या गाडीत हवा फिरवणारं रीसर्क्युलेशन बंद करा. पडद्यावर बाहेरून आत येणारा बाण दिसला पाहिजे. हे विसरलात तर तुम्ही प्रवाशांचा श्वास मोजत बसाल.

३) तापमानाची कळ सगळ्यात थंड टोकाला न्या. मधे ठेवली तर हवा हीटरवरून फिरून येते.

४) ब्लोअर मध्यम ते जोरात. हवेचा झोत मधल्या व्हेंटकडे.

५) थर्मामीटरचं टोक व्हेंटच्या तोंडात, प्लॅस्टिकला न टेकता, झोताच्या मधोमध धरा. त्यावर ऊन पडू देऊ नका.

६) चाळीस-पन्नासच्या वेगाने किमान पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग वाचा आणि दोन वजा करा.

पंधरा मिनिटं का? इथेच नवखे फसतात. एसी आधी चालू असेल तर त्याची हवा गार करणारी कॉइल ओली असते. एसी बंद केला तरी तिच्यावरून येणारी हवा त्या ओलीने गार होत राहते. बाहेर ३५ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर ओल्या कॉइलवरून आलेली हवा २५ च्या आसपासपर्यंत उतरू शकते. थर्मामीटर २७ दाखवतो, माणूस खूश होतो, आणि आकडा आठ अंशांनी चुकलेला असतो. कॉइल वाळली की आकडा चढू लागतो आणि एका जागी थांबतो. तो थांबलेला आकडा आपला. कॉइल वाळते आहे हे नाकालाही कळतं. कुबट ओलसर वास येतो, तो गेला की समजा काम झालं. याच काळात काचांवर वाफही धरू शकते, तेव्हा पाऊस किंवा थंडी असेल तर हा प्रयोग नको. रस्ता दिसणं आधी.

दोन अंश वजा करायचे ते ब्लोअरच्या मोटरपायी आणि डॅशबोर्डच्या आतल्या गरम पोकळीपायी. तुमच्या गाडीत हा आकडा एक असेल किंवा चार असेल. तो काढायची युक्ती सोपी आहे: मोजून झाल्यावर मोकळ्या जागी गाडी थांबवा, खाली उतरा, झाडाच्या सावलीत थर्मामीटर छातीच्या उंचीवर धरून पाच मिनिटं हलका वारा घाला आणि आकडा बघा. दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी असं केलंत की तुमच्या गाडीची वजाबाकी ठरून जाते. गाडी उभी असताना व्हेंटवर मोजू नका. बोनेटखालची गरम हवा काचेच्या पायथ्याच्या जाळीकडे झिरपते आणि सगळा हिशेब चढतो.

५. टोक बाहेर सोडायचं असेल तर

वायरीचा सेन्सर दाराच्या रबरातून बाहेर काढून आरशाच्या खाली, सावलीच्या बाजूला चिकटवता येतो. टोक पत्र्याला लागू नये, अधांतरी राहावं. वेगामुळे हवा घासून आकडा वाढेल का, असं कुणी विचारतं. ताशी १०० किलोमीटरला ही वाढ अंशाच्या चार दशांशाइतकीही होत नाही, सोडून द्या. हात किंवा थर्मामीटर खिडकीबाहेर धरून मात्र मोजू नका. हातातली वस्तू सुटली तर मागच्याच्या काचेवर जाते.

इन्फ्रारेड गन, म्हणजे वस्तूतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून लांबूनच तापमान सांगणारं यंत्र, हे दुसरं साधन, आणि तिच्याइतका गैरसमज कुठल्याच साधनाबद्दल नसेल. बंद काचेतून समोरच्या झाडावर रोखली तरी ती झाडाचं तापमान सांगत नाही, काचेचंच सांगते, कारण त्या किरणांना काच भिंतीसारखी असते. काच खाली करून घनदाट झाडाच्या सावलीतल्या पानांवर रोखा. त्यांचं तापमान हवेच्या जवळ असतं. चकचकीत पत्रा, डांबर आणि उन्हातली भिंत यांच्यावर रोखून काही मिळणार नाही. निरभ्र आकाशावर रोखलीत तर भर उन्हाळ्यातही शून्याखालचा आकडा येऊ शकतो. मजा म्हणून एकदा करून बघा.

६. काही नसेल तर काच आहे

बाजूच्या खिडकीची काच हा गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित थर्मामीटर. आतून एसीची हवा, बाहेरून वारा, आणि मधे चारेक मिलिमीटर काच. गाडी उभी असेल आणि वारा पडलेला असेल तर काचेचं तापमान साधारण आतल्या आणि बाहेरच्या तापमानाच्या मधे कुठेतरी असतं. गाडी वेगात असेल तर बाहेरचा वारा जिंकतो आणि काच बाहेरच्या हवेच्या फार जवळ जाते. म्हणून साठच्या वरचा वेग, सावलीतली बाजू आणि व्हेंटचा झोत लागत नाही असा काचेचा भाग, एवढं निवडा.

तिथे तळहात टेकवा. तळहाताची त्वचा ३२ ते ३४ अंशांच्या घरात असते. काच कोमट लागली तर बाहेर ३५ च्या वर. ना गरम ना गार, तर ३३ च्या आसपास. गार लागली पण हात ठेवावासा वाटला तर पंचविशीत. पटकन हात काढावासा वाटला तर दहाच्या खाली. बाहेरून नुकतेच आत आला असाल तर हात भरवशाचे नसतात, थोडे स्थिरावू द्या. इन्फ्रारेड गन असेल तर हीच काच आतून जवळून, सरळ रोखून मोजा. आत २४ आणि काच ३६ असेल तर मधला फरक १२. त्याचा आठवा भाग, म्हणजे दीड अंश, काचेच्या आकड्यात मिळवा. बाहेर साडेसदतीस. हा आठवा भाग माझा ठोकताळा आहे, तुमच्या गाडीला सहावा लागू पडेल. जाड दुपदरी काच असेल तर आणखी वेगळा.

निरभ्र रात्री उभ्या गाडीला हा नियम लावू नका. काच आणि टप आकाशाकडे उष्णता फेकत राहतात आणि हवेपेक्षाही गार होतात. पहाटे काचेवर हिमाचा थर असला तरी हवा दोन-तीन अंशांवर असू शकते.

आता वाफ. काचेवर वाफ धरली की आधी बोट फिरवून ती आत आहे की बाहेर ते बघा. वाफ आत असेल तर काच गाडीतल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी जमू लागतं त्यापेक्षा, गार आहे. गाडीत २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर हा दवबिंदू ११ अंश. म्हणजे एकट्यादुकट्या माणसाच्या कोरड्या गाडीत काच धूसर व्हायला लागली तर बाहेर दहाच्या आसपास किंवा खाली. पाच माणसं, ओल्या छत्र्या आणि भिजलेले बूट असतील तर हा हिशेब कोलमडतो, २० अंशांतही वाफ धरते. वाफ बाहेर असेल आणि वायपरने पुसली जात असेल, तर उलट गोष्ट: एसीने काच इतकी गार केली आहे की बाहेरच्याच हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. तेव्हा बाहेरचं तापमान काचेपेक्षा नक्की जास्त, आणि हवा चांगलीच दमट. आकडा मिळत नाही, पण खालची मर्यादा मिळते.

७. आतल्या उकाड्यावरून बाहेरचा अंदाज?

नको. बंद गाडी उन्हात किती तापते हे बाहेरच्या तापमानापेक्षा उन्हावर ठरतं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर २२ ते ३५ अंश असताना बंद गाडी तासाभरात सरासरी २२ अंशांनी तापली, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. तेव्हा ‘आत ४७ आहे म्हणजे बाहेर २५’ असं वजा करायचा मोह होतो, पण ढग आले, गाडीचा रंग बदलला, तोंड फिरलं की वजाबाकीही फिरते. या आकड्यांचा खरा उपयोग वेगळाच: बाहेर हवा सुखद आहे म्हणून मूल किंवा जनावर गाडीत ठेवून पाच मिनिटांसाठीही जाऊ नका.

८. टायर आणि उंची

टायरचा दाब दाखवणारी गाडी असेल तर आणखी एक वाट आहे. निवांत उभ्या, थंड टायरचा दाब आणि त्या वेळचं तापमान एकदा लिहून ठेवा. पुढे दर एक पीएसआय (टायरचा दाब मोजायचं एकक) घट म्हणजे सुमारे सहा अंश थंडी. समजा ३० अंशांना ३३ पीएसआय होता आणि एका पहाटे ३० दिसतो, तर बाहेर ११ अंशांच्या आसपास. टायर महिन्याला आपोआपही थोडा उतरतो, त्यामुळे जुन्या नोंदीवर विसंबू नका. काही गाड्या टायरचं तापमानही दाखवतात. ते फक्त गाडी सुरू करण्यापूर्वी वाचण्यासारखं.

डोंगर चढताना दर १०० मीटरला साधारण ०.६५ अंश वजा करा. पायथ्याला ३२ असेल तर हजार मीटर वर पंचवीस-सव्वीस. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हे उलटं होतं, गार हवा दरीत साचते आणि वर जाताना आकडा चढतो. सेन्सर बिघडला असं वाटतं, पण तो बरोबर असतो.

फोनवर दिसणारं तापमान फोनने मोजलेलं नसतं. ते दूरच्या केंद्रावरून किंवा गणिती अंदाजावरून आलेलं असतं. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सर खरोखर होता, पण असे फोन विरळाच. बॅटरीचं तापमान बघून बाहेरचा अंदाज बांधू नका.

९. शून्याजवळ

इथे एक-दोन अंशांनी जीव जाऊ शकतो. बऱ्याच गाड्या तीन-चार अंशांनाच घंटी वाजवून हिमाची खूण दाखवतात. ती घाई नव्हे. सेन्सर गुडघाभर उंचीवरची हवा मोजतो, रस्ता मोजत नाही, आणि हवा तीन अंशांवर असताना सावलीतला रस्ता गोठलेला असू शकतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. काचेवर पडणारा हिमकण लगेच वितळून मोठा थेंब होत असेल तर हवा शून्य ते दोनच्या मधे. कोरडा भुगा काचेवरून उडून जात असेल तर शून्याच्या बरीच खाली. ‘कमी आकडा खरा’ हा नियम इथे आणखी कडक पाळा: जो आकडा सगळ्यात थंड, त्याच्यावर गाडी चालवा.

आणि रातकिडे

इंजिन बंद करून काचा खाली करून बसला असाल तर हेही करून बघा. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमोस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये रातकिड्यांच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र छापलं. सेल्सियससाठी त्याचं सुटसुटीत रूप असं: आठ सेकंदांत किती वेळा किरकिर झाली ते मोजा, त्यात पाच मिळवा. हे सूत्र उत्तर अमेरिकेतल्या झाडांवरच्या एका जातीच्या रातकिड्याला लागू पडतं, तुमच्या कुंपणातला किडा वेगळ्या गतीने ओरडत असेल. तरी उबदार रात्री किरकिर जलद आणि गारठ्यात संथ, एवढं कुठेही कानाला जाणवतं.

एक दुपार, तीन आकडे

हे सगळं एकत्र कसं बसतं त्याचा नमुना. तासभर उन्हात उभी असलेली गाडी घेऊन निघालो. डॅशबोर्ड ४५. दहा मिनिटांनी, पन्नासच्या वेगात, ४१ आणि अजून खाली येणारा. एसी लावलाच नव्हता म्हणून कॉइल कोरडी. व्हेंटवर ३९, दोन वजा, ३७. मग एसी लावला, वेग वाढवला, आत २५ झाल्यावर सावलीकडच्या काचेवर गन रोखली: ३५.५. फरकाचा आठवा भाग सव्वा अंश, म्हणजे पावणेसदतीस. तीन आकड्यांतले दोन जुळले आणि तिसरा त्यांच्याच दिशेने सरकत होता. मी वहीत ३७ लिहिलं. डॅशबोर्ड ३८ वर येऊन थांबायला आणखी सहा मिनिटं लागली.